एका रात्रीचे ५८३ रुपये

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ३१ वर्षांच्या असून सोलापुरातल्या १२० खाटांच्या एका खाजगी रुग्णालयात, अतिदक्षता विभागात परिचारिका आहेत. जीएनएम (नर्सिंगची पदविका) होऊन आठ वर्षे झाली. महिन्याला हातात १७,५०० रुपये पडतात. रुजू होताना रुग्णालयाने ठेवून घेतलेली मूळ प्रमाणपत्रे अजून परत मिळालेली नाहीत. पती टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, मुलगा पहिलीत आहे, सासूबाई घरी असतात. ताईंच्या आईने विड्या वळून त्यांना शिकवले. दीर प्लॉटच्या दलालीत आहेत आणि एका व्यवहारात ताईंच्या वर्षभराच्या पगाराइतके कमावतात. मागच्या महिन्यात जेवताना ते हसत म्हणाले, "वहिनी, तुमच्या कामाला खरंच किंमत असती तर ती पगारात दिसली असती की." त्याच आठवड्यात एका रात्रपाळीत सात नंबरच्या खाटेवरील वृद्ध रुग्णाच्या श्वासनलिकेतली नळी कफाने बंद होत असल्याचे ताईंच्या लक्षात आले. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी सक्शन करून नळी मोकळी केली. सकाळी रिक्षात बसल्यावर त्यांनी पगाराला तीसने भागून हिशेब केला, तेव्हा त्या रात्रीचे ५८३ रुपये निघाले. आता पुण्याच्या एका कंपनीने वैद्यकीय विम्याचे दावे तपासण्याची, ३२,००० रुपयांची नोकरी देऊ केली आहे आणि २० तारखेपर्यंत उत्तर मागितले आहे. ताई विचारतात: ज्या कामाची समाजाला सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच सर्वांत कमी पैसे का मिळतात? आणि मी गेले, तर रुग्णांना सोडून पैशामागे गेले असे होईल का?

ताई,

तुमच्या पत्रातल्या ५८३ या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबले. भागाकार बरोबर आहे, पण त्यातून नेमके काय मोजले गेले ते पाहायला हवे. त्या रात्री एक माणूस श्वास घेत राहिला आणि त्या रात्रीचे तुम्हाला ५८३ रुपये मिळाले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत; मात्र दुसरी गोष्ट ही पहिलीची किंमत आहे, असे तुम्ही धरून चालला आहात आणि तुमच्या दिरांनीही तेच धरले आहे. वरवर तुमचा वाद दिसतो, पण मुळात तुमचे दोघांचे एकमत आहे, की पगार म्हणजे समाजाने कामाला दिलेले गुण. ते म्हणतात, गुण कमी आहेत म्हणजे काम हलके असणार. तुम्ही म्हणता, काम मोठे आहे म्हणजे तपासणारा आंधळा असणार. मला तर वाटते, तुमचा पेपर कोणी तपासायलाच घेतलेला नाही.

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला हे समजायला अर्थशास्त्राच्या पुस्तकाची गरज पडू नये. उजनीचे धरण भरले तरी कित्येक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस असला की पिंपापासून कळशीपर्यंत घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवले जाते आणि त्या पाण्यासाठी आपण वर्षाची ठरलेली पट्टी भरतो. त्याच पाण्याचा टँकर मागवायची वेळ आली की एका खेपेचे पैसे मोजताना हात आखडतो. पाण्याची गरज काही त्या दिवशी वाढलेली नसते. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये नेमके हेच कोडे मांडले होते: पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते स्वस्त, आणि हिऱ्यावाचून काही अडत नाही तरी तो महाग. त्याची उकल व्हायला जवळपास शंभर वर्षे लागली. १८७० च्या दशकात जेव्हन्स, मेंगर आणि वालरा या अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळ्या देशांत स्वतंत्रपणे दाखवून दिले, की बाजारातली किंमत सगळ्या पाण्याच्या उपयोगावरून ठरत नाही. आणखी एका हंड्याचा उपयोग किती, यावरून ठरते. पगाराचेही बरेचसे तसेच आहे. परिचारिकाच नसत्या तर काय झाले असते, हे तुमचे रुग्णालय पगार ठरवताना विचारीत नाही. ही सिस्टर उद्यापासून आली नाही तर दुसरी कितीत मिळेल, एवढेच ते विचारते. दरवर्षी नर्सिंगच्या शाळांतून नव्या मुली बाहेर पडतात आणि त्यांतल्या अनेकींना घरून शहराबाहेर जाण्याची मुभा नसते. त्यामुळे उत्तर 'कमीत मिळेल' असेच येते.

पण इथेच थांबून 'बाजारच तसा आहे, त्याला कोण काय करणार' असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. तुमची तुलना दिरांशी करण्यात काही हशील नाही. ती सिव्हिलमधल्या सिस्टरशी करा. आपल्याच शहरात, तुमच्या रुग्णालयापासून रिक्षाच्या अंतरावर, सरकारी सेवेतल्या अधिपरिचारिकेची (म्हणजे स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते आणि भत्ते त्याच्या वर असतात. सक्शनची नळी तीच, मॉनिटर तसाच, रात्र तेवढीच लांब. अक्कलकोटहून किंवा कर्नाटकाच्या सीमेपलीकडून आलेला रुग्ण कोणत्या दारातून आत गेला, एवढ्यावर त्याच्या उशाशी उभ्या असलेल्या बाईचा पगार दुप्पट किंवा निम्मा होतो. पगार जर कामाचे मोल मोजत असता, तर ही तफावत कुठून आली असती? ती आली आहे वेतन आयोगातून, संघटनांमधून आणि मंजूर पदांच्या नियमांतून. म्हणजे माणसांनी केलेल्या व्यवस्थेतून. हीच परिचारिका जर्मन भाषा शिकून परदेशी गेली तर तिला इथल्या कितीतरी पट वेतन मिळते, आणि विमानात बसल्याने तिच्या हातातली कला काही वाढलेली नसते.

'परिचारिका मुबलक आहेत' हे वाक्यही जरा तपासून घ्यायला हवे. कोणासाठी मुबलक? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असे मानक आहे. तुम्ही लिहिता, की तुम्हाला एकाच वेळी तीन रुग्ण पाहावे लागतात. म्हणजे रुग्णांच्या बाजूने पाहिले तर परिचारिका कमी आहेत, आणि रुग्णालयाच्या बाजूने पाहिले तर पुरेशा आहेत, कारण किती जागा भरायच्या हे रुग्णालयच ठरवते. तुमच्या यजमानांच्या कारखान्यात एका कामगाराकडे दोनाऐवजी चार माग दिले तर तो थकतो, पण टॉवेल जास्त निघतात आणि वाढलेल्या कापडातून पगारवाढ मागायला त्याला जागा राहते. तुमच्याकडे दोनाऐवजी चार रुग्ण दिले तर जास्त काही निघत नाही, फक्त प्रत्येकाच्या वाट्याची नजर कमी होते. काळजी घेण्याच्या कामात वेग वाढवून उत्पन्न वाढवता येत नाही. यंत्रामुळे इतर क्षेत्रांतले वेतन वर जाते, त्याच्या ओढीने अशा कामांतले वेतनही वाढवावे लागते आणि ही कामे पैसे देणाऱ्याला दिवसेंदिवस महाग वाटू लागतात, हा विचार अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात मांडला. त्यांचे मूळ उदाहरण वादकांचे होते: चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ घेत होती, तेवढाच आजही घेते. सात नंबरच्या खाटेवरची नळी साफ करण्याचेही तसेच आहे.

मराठीने या बाबतीत आपल्याला चांगलेच चिमटे काढून ठेवले आहेत. जिच्या कामाला आपण सर्वांत कमी पैसे देतो, तिचे नाव आपण मोलकरीण ठेवले. सर्वांत स्वस्त श्रमाला मोलमजुरी म्हटले. आणि ज्याला खरोखर वेतन द्यायला हवे त्याला 'मानधन' हा शब्द काढला, ज्यात मान आधीच दिलेला असल्यामुळे धन त्यातून वजा करता येते. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी सेविकांना मानधनच मिळते. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला एप्रिल २०२२ उजाडावे लागले. तुमच्या रुग्णालयातल्या परिचारिका दिनाचे वर्णन वाचताना मला हेच आठवले. १२ मे रोजी गुलाबाचे फूल, केकचा तुकडा आणि 'तुमची सेवा अनमोल आहे' हे भाषण. अनमोल म्हटले की मोल द्यायचा प्रश्नच मिटतो. त्या भाषणात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नावही आले, असे तुम्ही लिहिले आहे. सोलापूरचा हा मुलगा युद्धातल्या जखमींवर उपचार करायला १९३८ मध्ये चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारला. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु त्यांनी आपला त्याग स्वतः निवडला होता. दुसऱ्याच्या पगारपत्रकावर त्यांचा फोटो लावायचा अधिकार मात्र कोणालाही नाही.

आता दिरांविषयी. तुम्ही त्यांच्या कामाला 'बिनकामाचे' म्हटले आहे, ते रागात आले असावे. घेणाऱ्याला देणारा गाठून देणे, सातबारा पाहणे, दोघांमधला अविश्वास मिटवणे ही कामे आहेतच. त्यांच्या आणि तुमच्या कमाईतला मुख्य फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. त्यांना व्यवहाराच्या रकमेवर टक्के मिळतात, तुम्हाला महिन्याप्रमाणे. जमिनीचा भाव रस्त्याने वाढतो, पाण्याच्या लाईनने वाढतो, शेजारी शाळा आली की वाढतो. यांतले काहीच त्यांनी केलेले नसते, तरी वाढीचा वाटा त्यांच्या हाती येतो. तुम्ही वाचवलेल्या माणसाच्या पुढच्या दहा वर्षांच्या कमाईवर मात्र तुम्हाला कोणी टक्का देत नाही, आणि देऊही नये. तसे झाले तर आपण कोणत्या रुग्णाकडे आधी धावणार, हे भलत्याच गोष्टीवरून ठरू लागेल.

आणि आईचे काय? पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत केला आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. त्या पाने, तंबाखू आणि सूत घरी आणून, मांडीवर सूप घेऊन हजार विड्यांच्या दराने काम करीत असणार, आणि कारखान्यात नेल्यावर त्यांतल्या काही विड्या बाजूला काढल्या जात असणार, ज्यांचे पैसे मिळत नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी हेच दृश्य होते. विडीने समाजाचे भले होत नाही, हे अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या तुम्हाला कोणी सांगायला नको. सात नंबरच्या खाटेवरचे आजोबाही कदाचित विडी ओढणारे असतील. तरीही त्याच विड्यांतून तुमची नर्सिंगची फी भरली गेली. 'समाजाला उपयोगी काम' आणि 'निरुपयोगी काम' अशी रेघ तुम्ही पत्रात फार सरळ मारली आहे. ती रेघ आईच्या सुपावरून कशी न्यायची, ते मला सांगा.

म्हणूनच पुण्याच्या नोकरीला पापाच्या रांगेत बसवू नका. विम्याचा दावा तपासणाऱ्या खुर्चीवर आयसीयू पाहिलेली बाई बसली, तर खरा खर्च कोणता आणि फुगवलेला कोणता, हे तिला कळेल आणि एखाद्या कुटुंबाचा रास्त दावा नुसत्या कागदाच्या चुकीवरून फेटाळला जाणार नाही. तिथेही तुमचे शिक्षण वाया जात नाही. मात्र मुलाखत घेणाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारा: तुमच्या कामाचे मूल्यमापन किती दावे निकाली काढले यावर होणार, की किती नाकारले यावर? उत्तर देताना तो घुटमळला तर त्यातच पुष्कळ कळेल.

पण पैशाचा हिशेब मांडून पाहा, कारण तो पत्रात कुठेच नाही. पगारातला फरक १४,५०० रुपयांचा आहे. पुण्यात एका खोलीचे भाडे दहा-बारा हजार धरले, वर अनामत रक्कम, जेवणाचा वेगळा खर्च आणि शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसचे भाडे धरले, तर हातात काय उरते? यजमानांची नोकरी इथे आहे, मुलाची शाळा इथे आहे. सहा महिन्यांनी घरून काम करू देऊ, असे कंपनी तोंडी म्हणते. तोंडी म्हणते म्हणजे म्हणत नाही, असेच समजून चाला. ते नेमणूकपत्रात लिहून मिळत असेल तर गणित पूर्ण बदलते आणि मग मी तुम्हाला जा असेच सांगेन. लिहून मिळत नसेल, तर तुम्ही पगारासाठी निघालेल्या नाही आहात, जेवणाच्या ताटावर ऐकलेल्या एका वाक्याला उत्तर द्यायला निघाला आहात. त्यासाठी बिऱ्हाड हलवणे महाग पडेल. शिवाय दोन-तीन वर्षे रुग्णांपासून दूर राहिल्यावर अतिदक्षता विभागात किंवा परदेशी नोकरीत परतणे अवघड जाते, कारण तिथे अलीकडचा प्रत्यक्ष अनुभव विचारतात.

आहे तिथेच राहायचे तर गप्प राहून राहू नका. खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशावरून केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली. समितीने शिफारस केली, की २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात वेतन राज्य सरकारी परिचारिकेइतके असावे, १०० हून अधिक खाटा असतील तर ते त्याहून फार तर दहा टक्के कमी असावे, ५० ते १०० खाटांसाठी फार तर पंचवीस टक्के कमी असावे आणि त्याहून लहान ठिकाणीही २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. तुमचे रुग्णालय १२० खाटांचे आहे. ३५,४०० मधून दहा टक्के वजा करा: ३१,८६० येतात. पुण्याने देऊ केलेला आकडा जवळजवळ तोच आहे, आणि समितीच्या मते तो तुम्हाला सात नंबरच्या खाटेजवळच मिळायला हवा होता. ही शिफारस आहे, कायद्याइतकी बंधनकारक नाही, हे खरे; पण 'मला काही वाढवून द्या' असे म्हणण्यात आणि हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवण्यात फार फरक पडतो.

हे एकटीने करू नका. मेट्रनबाईंच्या मार्फत, आयसीयूतल्या पाच-सहा जणींच्या सह्यांनी, शांत शब्दांत लेखी अर्ज द्या. त्यात सेवा, त्याग हे शब्द घालू नका. नव्या मुलीला व्हेंटिलेटर सांभाळण्याइतकी तयार करायला किती महिने लागतात, मागच्या दोन वर्षांत किती जणी सोडून गेल्या, त्यांच्या जागी येणाऱ्यांना शिकवण्यात किती पाळ्या गेल्या, ते लिहा. दुसरी सिस्टर स्वस्तात मिळते हा रुग्णालयाचा हिशेब अर्धाच आहे. दुसरी मिळते, पण सात नंबरची नळी मॉनिटर वाजण्याच्या आधी ओळखणारी मिळत नाही. एकदम ३१,८६० मिळणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. रात्रपाळीचा भत्ता, ठरलेली साप्ताहिक सुट्टी आणि टप्प्याटप्प्याने वाढ, एवढे मिळवून बाहेर आलात तरी मी त्याला थोडे म्हणणार नाही. दरम्यान पगाराची पावती नीट पाहा. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू असतो; तुमच्या नावावर तो खरोखर जमा होतो का, हे मोबाईलवर पाहता येते. रुग्णालयातल्या कामाचे किमान वेतनाचे दर आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा महागाई भत्ता सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समजतो. कंत्राटी सफाई कामगार, विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांनीही आपल्या कामाच्या मोलावर वाद घालण्याआधी हे दोन आकडे काढून आणावेत. मोलाच्या वादाला समोरचा टाळ्या वाजवून मोकळा होतो, आकड्याला त्याला उत्तर द्यावे लागते.

तिसरा रस्ता सरकारी भरतीचा आहे. तुम्ही तो 'आता वय झाले' म्हणून एका वाक्यात उडवून लावला. खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही राज्याची सर्वसाधारण वयोमर्यादा आहे. तुम्ही ३१ च्या आहात. रात्रपाळी करून अभ्यास होत नाही, हे मान्य. यजमानांनी आणि सासूबाईंनी वर्षभर संध्याकाळचे दोन तास तुमच्या हवाली केले तर होतो. दिरांना काही बोलायचेच असेल, तर त्या दोन तासांत पुतण्याला बागेत घेऊन जायला सांगा.

२० तारखेपर्यंत मात्र दोनच कामे करा. पुण्याच्या कंपनीला ईमेल लिहून घरून काम करण्याची अट नेमणूकपत्रात घालण्याची विनंती करा. आणि रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन, मूळ प्रमाणपत्रे परत मागा. ती तुमची आहेत. ती अडकवून माणसाला नोकरीत बांधून ठेवणे हे दडपण आहे. पुण्याला जा, इथेच राहा किंवा परीक्षेला बसा, ती कागदपत्रे कपाटात आपल्या हाताने ठेवलेली असल्याशिवाय यांतला एकही रस्ता खऱ्या अर्थाने तुमचा नाही. अर्जाचा मसुदा हवा असेल तर कळवा, मी पाठवीन.